हे कधी चालत नाही, सर?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा. प्रश्न १२०, वेळ अडीच तास. भागाकार केला की एका प्रश्नाला ७५ सेकंद येतात. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याची भजी खाऊन पुण्याकडे निघालेली गाडी नांदेड फाट्यावर ७५ सेकंदांत जेमतेम पहिल्या गिअरमध्ये पडते. तेवढ्याच वेळात आपल्या पोरानं प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, सोडवायचा, चारातला एक पर्याय निवडायचा आणि काळ्या पेनानं गोल भरायचा.

सगळे प्रश्न रीतसर सोडवून हे जमणार नाही, हे परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगालाही ठाऊक आहे. म्हणजे पेपर नुसतं सोडवणाऱ्यासाठी काढलेलाच नसतो. किती आकडेमोड टाळता येईल हे कुणाला दिसतं, ते पाहण्यासाठी तो काढलेला असतो. या दिसण्याला क्लासच्या भाषेत ‘पॅटर्न ओळखणं’ म्हणतात. त्याचे वर्ग चालतात, त्याच्या बॅचेस निघतात, आणि त्याची फी हप्त्यानं भरता येते.

एक नमुना घ्या. क्ष आणि १/क्ष यांची बेरीज ३ आहे, तर दोघांच्या पाचव्या घातांची बेरीज किती?

सरळमार्गी मुलगा आधी क्ष शोधायला निघतो. वर्गसमीकरण मांडतो, ५ चं वर्गमूळ अंगावर येतं, त्याला घेऊन तो पाचव्या घातापर्यंत चढायला लागतो. तोवर शेजारचा तीन प्रश्न पुढे गेलेला असतो. त्या शेजाऱ्यानं क्षला हातही लावलेला नसतो. त्यानं बेरजेचा वर्ग केला, ९. त्यातले मधले २ काढले, ७. मग घन केला, २७, त्यातून ९ गेले, १८. मग ७ ला १८ नं गुणलं, १२६, आणि मूळची ३ वजा केली. उत्तर १२३. क्ष कोण, कुठला, याची चौकशी शेवटपर्यंत झाली नाही.

यात गंमत अशी की पहिल्या घातापासून येणाऱ्या बेरजा ओळीनं लिहिल्या तर ३, ७, १८, ४७, १२३ अशी रांग लागते. तिसरीपासून प्रत्येक संख्या आधीच्या संख्येची तिप्पट, वजा तिच्याही आधीची. हे एकदा दिसलं की सहावा घात तोंडी येतो, सातवाही येतो. हा खरा पॅटर्न. तो ज्याला स्वतःहून दिसला त्या मुलाला अडीच गुण देऊन आयोग स्वस्तात सुटतो.

आता क्लासकडे वळू.

महाराष्ट्रातली मुलं अधिकारी होऊन सैन्यात कमी जातात म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. प्रबोधिनी पुण्याजवळ खडकवासल्याला, सरकारी तयारी मराठवाड्यात, आणि फ्लेक्स राज्यभर. खासगी अकादम्यांची फाउंडेशन बॅच आठवीपासून सुरू होते. आठवीतल्या मुलाला अजून मिशी नसते, पण केस मात्र प्रबोधिनीच्या मापाचे कापलेले असतात. भिंतीवर विमान, रणगाडा, युद्धनौका आणि खाली एक ओळ: गणिताच्या ५०० ट्रिक्स.

ट्रिक म्हणजे काय? जन्मदाखला फाडून टाकलेलं सूत्र. ‘बेरीज दिली असेल तर वर्ग करा आणि २ काढा’ ही ट्रिक. ती कुठून आली, ते २ कुठले, का काढायचे, हा भाग फीमध्ये नाही. एखादं चिकट पोरगं हात वर करतंच.

“सर, पण हे असं का होतं?”

“का विचारू नकोस रे. तिथे वेळ असतो का? ७५ सेकंद!”

परीक्षेत ७५ सेकंद असतात हे खरं आहे. क्लास मात्र निदान दोन वर्षांचा असतो. दोन वर्षांत एकदा ‘का’ सांगायला सवड मिळू नये, असं कुठलं युद्ध चाललेलं असतं?

आता पेपर काढणाऱ्याच्या खुर्चीत बसा. तुम्ही फक्त एक चिन्ह बदला. क्ष आणि १/क्ष यांची बेरीज नको, वजाबाकी ३ आहे असं म्हणा, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज विचारा. ट्रिकवाला मुलगा प्रश्नाचा चेहरा ओळखतो, खूश होतो, वर्ग करतो, सवयीनं २ काढतो आणि ७ लिहितो. उत्तर ११ आहे, कारण वजाबाकीच्या वर्गात मधला तुकडा उणे असतो, त्यामुळे इथे २ मिळवावे लागतात. पर्यायांत ७ असतोच. तो चुकून आलेला नसतो, त्याला त्या मुलासाठीच बोलावलेलं असतं. पॅटर्न ओळखण्याचं काम पेपर काढणाराही करत असतो. तो तुमचा पॅटर्न ओळखतो.

आणखी एक चिमटा. क्ष आणि १/क्ष यांची बेरीज १ आहे, तर दोघांच्या शंभराव्या घातांची बेरीज काढा. ‘आकडा टाकून बघ’ पंथातली मुलं इथे धारातीर्थी पडतात, कारण असा कुठला साधा आकडाच नाही. १ टाकला तर बेरीज २ होते. अर्धा टाकला तर अडीच. ऋण टाकला तर बेरीजच ऋण. हा क्ष संमिश्र संख्यांच्या मुलखातला. पण त्याचा घन उणे १ येतो, एवढं ज्याला दिसलं त्याचं काम झालं. नव्व्याण्णवाव्या घातापर्यंत तेहतीस वेळा तोच उणे १, म्हणून शंभरावा घात म्हणजे उणे क्ष, आणि उत्तर उणे १. शंभरावा घात ऐकून घाबरलेल्याला आणि आकडे टाकत बसलेल्याला एकाच वेळी घरी पाठवणारा असा प्रश्न काढणाऱ्याला माझा सलाम. आमच्याकडे निवडणुकीतसुद्धा इतकी स्वच्छ छाननी होत नाही.

आता निगेटिव्ह मार्किंग. या शब्दानं पालकांची झोप उडते. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश दंड, म्हणजे ०.८३. पोरांना सांगितलं जातं, अंदाजाचं उत्तर म्हणजे आत्महत्या. जरा हिशेब करा. चार पर्याय, डोळे मिटून एकावर बोट ठेवलं. चारदा असं केलं तर सरासरीनं एकदा अडीच मिळणार आणि तीनदा ०.८३ जाणार, म्हणजे पुन्हा अडीचच. फायदा शून्य, तोटा शून्य. आयोगानं दंड इतका नेमका बसवला आहे की आंधळ्या नशिबाला हातात काहीच पडू नये. पण चारातला एक पर्याय नक्की चूक आहे एवढं तरी कळत असेल, तर उरलेल्या तिघांत मारलेला अंदाज सरासरीनं पाव गुणापेक्षा जास्त देतो. दोन पर्याय खोडता आले तर ०.८३ देतो.

म्हणजे ही परीक्षा अर्धवट ज्ञानालाही पगार देते. आपल्याकडे अर्धवट ज्ञानाला फारतर न्यूज चॅनेलवर चर्चेला बोलावतात. तिथे दंड नाही, हा एकच फरक.

आणि कटऑफ? लेखी परीक्षेचे एकूण गुण ९००, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६००. अलीकडच्या वर्षांत लेखीचा कटऑफ साधारण २९० ते ३६० यांच्या दरम्यान फिरतो आहे. प्रत्येक विषयात किमान टक्केवारी राखावी लागते ती वेगळी. थोडक्यात, ज्यानं कागदावरचा मोठा भाग शहाणपणानं सोडून दिला तोही पुढच्या फेरीत जातो. हे आपल्या पालकांना सांगून पाहा. बारावीला ९८ टक्के न मिळाल्याबद्दल ज्या घरात सुतक पाळलं जातं, तिथे ३५ टक्क्यांत अधिकारी होता येतं ही बातमी कुणी खरी मानत नाही. कुठला प्रश्न सोडायचा हे ओळखणं हाही पॅटर्नच, पण ‘सोडून द्यायला शिका’ अशा फ्लेक्सखाली फी भरायला कोण येणार?

क्लास ही काही आजची गोष्ट नाही, हे पाहायला जरा खानदेशात जाऊन येऊ. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. मजकूर बहुतांश संस्कृत, शेवटाला जुनी मराठी. म्हणजे क्लासचा फलक आठशे वर्षांपूर्वीही होता. फक्त त्यावर पहिल्या दहांचे फोटो नव्हते आणि ‘मर्यादित जागा’ असं कोरलेलं नव्हतं.

त्या आजोबांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. दोन संख्यांतला फरक ८, त्यांच्या वर्गांतला फरक ४००, तर संख्या कोणत्या? आजही हा प्रश्न कुठल्याही स्पर्धा परीक्षेत खपून जाईल. वर्गांतल्या फरकाला संख्यांच्या फरकानं भागा, बेरीज मिळते, ५०. बेरीज ५० आणि फरक ८ म्हटल्यावर संख्या २९ आणि २१. बेरीज आणि फरकावरून संख्या काढण्याच्या रीतीला भास्कराचार्य संक्रमण म्हणतात आणि तिची आधी वेगळी ओळख करून देतात. वर्गांतर येतं ते त्यानंतर. आधी साधी रीत, मग तिच्यावर उभी राहणारी पुढची. विद्यार्थ्याला एक जिना चढवायचा आणि मग दुसरा. आठशे वर्षांनी आपण जिने काढून टाकले आणि थेट गच्चीचे फोटो विकायला लागलो.

आणि पाटणपर्यंत तरी कशाला? खडकवासल्यातच बघा. धरणाच्या परिसरात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ सालची संस्था. धरणाचे सांडवे, बंदरं, नद्यांची वळणं यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून बघायचं, हे तिचं एक मोठं काम. चौपाटीवर कणीस खाणाऱ्या हजारो लोकांच्या गावीही नसतं की इथून जवळच शुद्ध बीजगणित वाहतं आहे.

समजा सांडव्याची प्रतिकृती शंभरपट लहान केली. मग त्यातलं पाणी किती वेगानं सोडायचं? शंभरपट कमी? नाही. इथे पाण्याला खेचतं ते गुरुत्वाकर्षण, आणि ते काही शंभरपट लहान करता येत नाही. म्हणून वेगाचा वर्ग भागिले लांबी हे गुणोत्तर खऱ्या सांडव्यात आणि प्रतिकृतीत सारखं राखावं लागतं. लांबी शंभरपट कमी, तर वेग तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट कमी. वेळही दहापट कमी, त्यामुळे दहा तासांचा पूर एका तासात उरकतो. आणि विसर्ग? रुंदीचे शंभर, खोलीचे शंभर, वेगाचे दहा, गुणाकार एक लाख. प्रतिकृतीत सेकंदाला एक लिटर वाहिलं तर खऱ्या सांडव्यावरून सेकंदाला एक लाख लिटर वाहतं, म्हणजे पावसाळ्यात पुणेकर ज्या भाषेत घाबरतात त्या भाषेत साधारण साडेतीन हजार क्युसेक.

आमचा ट्रिकवाला इथे काय करील? क्षेत्रफळ म्हणजे वर्ग, दहा हजार. घनफळ म्हणजे घन, दहा लाख. दोन्ही पाठ. दोन्ही चूक. खरं उत्तर त्या दोहोंच्या मधलं, अडीचावा घात. पाठ केलेल्या यादीत अडीच नसतो, कारण अडीच पाठ करता येत नाही, तो कुठून येतो ते समजावंच लागतं. आणि इथे पर्याय चुकला तर ०.८३ गुण जात नाहीत. धरण चुकलं आणि फुटलं की काय जातं, ते पुण्यानं १२ जुलै १९६१ ला पाहिलं आहे.

लेखी पार झाली की पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत. तिथेही ९०० गुण. एकामागून एक ६० शब्द दाखवतात, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. चित्रं दाखवून गोष्टीही लिहून घेतात. हेतू असा की माणूस स्वतःच्या नकळत उघडा पडावा. क्लासवाल्यांनी त्यावरही पांघरूण शिवलं आहे. चित्र कसलंही असो, गोष्टीतला नायक गावातला, होतकरू, मित्रांना जमवतो, श्रमदान करतो, बंधारा बांधतो, जिल्हाधिकारी पाठ थोपटतात. देशभरातून इतके बंधारे एसएसबीच्या कागदांवर बांधले गेले आहेत की मराठवाड्यात टँकर लागायलाच नको. या चित्रांतली शेवटची, बारावी पाटी कोरी असते. तिच्यावर काहीच नसतं. मनातलं काय ते लिहा. आणि आमची पोरं त्या कोऱ्या पाटीसाठीसुद्धा तयार गोष्ट घेऊन जातात! जिथे पॅटर्न नाही हाच पॅटर्न आहे, तिथे पाठांतर. परीक्षक त्या क्षणी काय लिहीत असतील याचा अंदाज बांधायला कुठल्याही ट्रिकची गरज नाही.

पण ‘आजवर असंच चालत आलंय’ हा रोग एकट्या क्लासवाल्यांना नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला झालं. तेव्हापासून २०२१ पर्यंत प्रवेशाच्या समीकरणात मुलगी हे पदच नव्हतं. का नाही, असं विचारलं की उत्तर यायचं, पहिल्यापासून तसंच आहे. हीसुद्धा ट्रिकच, जन्मदाखला नसलेली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्या असं सांगितलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. तेच १२० प्रश्न, तेच ७५ सेकंद, तेच ०.८३. बीजगणिताला कळलंसुद्धा नाही की गोल भरणारा हात कुणाचा आहे. ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. जे गृहीतक कधी तपासलंच नव्हतं ते तपासलं, एवढंच झालं. त्याला सहा दशकांहून जास्त काळ लागला, हे मात्र ७५ सेकंदांच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

तेव्हा पालकहो, पॅटर्न वाईट नाही. बीजगणिताचं निम्मं काम तेच आहे: वेगवेगळ्या कपड्यांतला एकच माणूस ओळखणं. साइन आणि कोसेक यांची बेरीज २ दिली, तरी आत तोच क्ष आणि तोच १/क्ष बसलेला आहे हे ज्याला दिसलं त्याला त्रिकोणमिती निम्मी आली. वाईट आहे ते दुसरं निम्मं गिळून टाकणं. कपडे तेच आणि माणूस वेगळा, हेही ओळखता आलं पाहिजे. सैन्यात तर जास्तच. समोरून येणारा आपला की शत्रूचा, हे गणवेशाच्या रंगावरून ठरवणारा अधिकारी कुणाला हवा आहे?

येत्या जूनमध्ये कुठल्या तरी अकादमीच्या काउंटरवर तुम्ही बसाल. समोर चकचकीत पुस्तिका येईल, मागच्या दहा वर्षांचे पेपर, टेस्ट सिरीज, ट्रिक्सचं पॉकेटबुक, ट्रॅकसूट मोफत. निकालाचे आकडे विचारू नका, ते तयार असतात. हॉस्टेलचं जेवण विचारू नका, ते सगळीकडे सारखंच असतं. पॉकेटबुकातली कुठलीही एक ट्रिक उघडा, सरांसमोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: “हे कधी चालत नाही, सर?”

सर क्षणभर थांबले, खडू उचलला आणि म्हणाले, “चिन्ह बदललं की चालत नाही, हे बघा,” तर बिनधास्त फी भरा. पण ते हसून म्हणाले, “आमची ट्रिक सगळीकडे चालते,” तर पाकीट खिशात ठेवा आणि उठा. तुम्ही गणिताच्या क्लासला नाही, ज्योतिषाकडे आला आहात, आणि तो तुमच्याकडून हप्त्यानं दक्षिणा घेणार आहे.